माबेलेची गाळलेली साक्ष

थेम्बेनी या काळ्यांच्या वस्तीत कुणाच्या घरी सरकारी कागद आला की तो आधी आल्फियस माकिनानाकडे जायचा. पेन्शनचं पत्र असो, घराचा दाखला असो, नाहीतर खाणीतून आलेली कुणाच्या मरणाची खबर असो. सगळे त्याला ताता, म्हणजे बाबा, म्हणत. ताता माकिनाना चष्मा पुसायचा, कागद हातभर लांब धरायचा आणि शब्द न् शब्द खोसात, वस्तीच्या भाषेत, सांगायचा. सत्तावीस वर्षं त्यानं शहरातल्या मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात दुभाष्याचं काम केलं होतं. गोऱ्यांच्या राज्यात त्या कोर्टात काळ्या माणसाला उभं राहायला दोनच जागा होत्या, एक आरोपी-साक्षीदारांचा पिंजरा आणि दुसरी दुभाष्याची. आत यायचं ते बाजूच्या दारानं, पाणी प्यायचं ते मागच्या नळावर. पण कामकाज सुरू झालं की त्याच्यावाचून तिथलं पान हलत नसे. चर्चमध्ये त्याची जागा पहिल्या बाकावर होती. रस्त्यानं चालला की बायका बाजूला होऊन वाट द्यायच्या. या मानातलं किती खरं आणि किती फुकटचं, हे फक्त त्याला ठाऊक होतं.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात (तिकडे ऑगस्टमध्ये हिवाळा असतो), ऑगस्टमधल्या एका शनिवारी, थेम्बेनीतून एका शिक्षकाची अंत्ययात्रा निघाली. शिक्षक पोलीस कोठडीत मेला होता. दफनभूमीच्या अलीकडे पोलिसांनी गाड्या आडव्या लावल्या आणि भर दुपारी गोळीबार केला. सात माणसं गेली. त्यांत सतरा वर्षांची नोमालिझो होती. तिची आई गोऱ्यांच्या घरचे कपडे धुवायची. सगळे आईला कुळाच्या नावानं माबेले म्हणत.

चार महिन्यांनी कोर्टात चौकशी बसली. माबेले चर्चमधल्या बायकांच्या गुरुवारच्या प्रार्थनेचा लाल झगा घालून साक्षीला आली होती; वस्तीतल्या बाकी कुणाला आत येऊ दिलं नव्हतं. पोलिसांच्या वकिलानं विचारलं, "मुलीच्या हातात दगड होते की नव्हते?" आल्फियसनं प्रश्न खोसात सांगितला. माबेलेनं दोन्ही हातांनी कठडा धरला.

"हातात माझे बूट होते," ती म्हणाली. "काळे, नाडीचे. मयतीला बरे दिसतील म्हणून मीच दिले होते. खडीनं तळ झिजेल म्हणून पोरीनं काढून हातात घेतले. गोळी लागली तेव्हा मी दहा पावलांवर होते. तो बघा, खिडकीपाशी बसलाय तो, पिवळ्या मिशांचा. त्यानं गोळी घातली, मग जवळ आला. पायानं तिला उलथी केली. बूट बघितले. दगड होते का ते त्याला विचारा की! मला काय विचारता?"

तिचं बोट खिडकीकडे रोखलेलं होतं. पिवळ्या मिशांच्या त्या पोलीस लेफ्टनंटला खोसा येत नव्हती, पण बोट कळत होतं. त्यानं माबेलेकडे नाही, आल्फियसकडे बघितलं. रागानं नाही. रोजच्या वाटेवर ओळखीचं माणूस दिसावं, तसं सहज बघितलं.

त्याला कुणी धमकावलं नव्हतं. कुणी काही देऊ केलं नव्हतं. असं काही झालं असतं तर पुढे निदान स्वतःला सांगायला तरी काही उरलं असतं. त्याची जीभ आपली आपणच वळली. त्यानं इंग्रजीत सांगितलं, "साक्षीदार म्हणते, ती लांब होती. मुलीच्या हातात काय होतं ते तिला दिसलं नाही."

मॅजिस्ट्रेटनं मान वर केली. "एवढा वेळ बोलली, आणि अर्थ एवढाच?"

"बाकीचं रडणं होतं, साहेब."

"आणि ते बोट?"

"जीव घाबरा झालाय म्हणते. खिडकी उघडायला सांगते."

हे ऐकून लेफ्टनंट स्वतःच उठला आणि त्यानं खिडकी उघडली.

आठवड्याभरात निकाल लागला. कुणाचाही दोष नाही.

त्यानंतर दर ऑगस्टमध्ये माणसं त्या सात कबरींपाशी जमायची. गवत उपटायची, गाणी म्हणायची. शेवटी माबेले उभी राहायची आणि दरवर्षी तेच सांगायची, "न्याय नाही मिळाला. पण मी त्या मिशीवाल्याच्या तोंडावर बोलले! मी बोलले आणि त्याला बसवेना. उठला आणि खिडकीत जाऊन उभा राहिला. साहेबानं सगळं ऐकलं आणि तरी सोडला त्याला, ते त्याचं पाप. मी गप्प नाही बसले. विचारा ताता माकिनानाला, होता तो तिथं."

सगळे वळून त्याच्याकडे बघायचे. आल्फियस टोपी छातीशी धरून मान डोलवायचा. मग माबेलेच्या घरी सगळ्यांबरोबर कण्या-घेवडा खायचा, दाट गोड दुधाचा चहा प्यायचा. त्याचा कप ती कधी दुसऱ्या कुणाला धुऊ द्यायची नाही, हेही त्याच्या लक्षात आलं होतं. गोऱ्यांचं राज्य गेलं, मतदान झालं, कोर्टातली माणसं बदलली. त्याची मान मात्र दर ऑगस्टला डोलत राहिली. अशी एकवीस वर्षं.

मग नगरपालिकेनं त्या जागी सात नावांची भिंत बांधायची ठरवली. समितीत झुकिस्वा त्याली नावाची शाळेतली बाई होती, हुशार आणि तोंडानं तिखट. तिनं खटपट करून कोर्टातल्या साक्षींच्या नकला मिळवल्या आणि त्या घेऊन ती आल्फियसकडे आली.

"ताता, एवढं खोसात करून द्या. उद्‌घाटनाला मी साक्षी वाचून दाखवणार आहे, माबेलेची सगळ्यांत शेवटी. म्हातारीला वाचता येत नाही, तिचे शब्द तिला ऐकू तरी येऊ देत."

ती गेल्यावर त्यानं ते पान काढलं. माबेलेची साक्ष एका ओळीत संपत होती. लांब होते. दिसलं नाही. खाली कंसात कारकुनानं टाइप केलं होतं, साक्षीदार रडते, खिडकी उघडण्यात येते.

तीन दिवस त्याला जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी त्यानं पुन्हा लबाडीच केली. खोसातल्या कागदावर त्यानं तिचे खरे शब्द लिहिले, बुटांसकट, पिवळ्या मिशांसकट, जणू कोर्टाच्या कागदात ते पहिल्यापासूनच होते. झाली चूक गुपचूप बुजेल, असं त्याला वाटलं. पण झुकिस्वाला इंग्रजी येत होतं.

"ताता, इथं एक ओळ आहे. तुम्ही नऊ लिहिल्यात."

"इंग्रजी भाषाच त्रोटक आहे, पोरी."

"इतकी? बूट कुठं आहेत इंग्रजीत? आणि हा मिशीवाला?" ती हसत होती. मग तिनं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिचं हसू मावळलं. "हे तुम्हाला कुठून माहीत, ताता?"

"तिनं सांगितलं होतं."

"कोर्टात?"

"कोर्टात. मला." त्यानं चष्मा काढून ठेवला. "मी पुढं सांगितलं नाही."

झुकिस्वा कागद गोळा करून उठली. दारात थांबून म्हणाली, "माबेलेला मी सांगणार नाही. तुम्ही सांगा. आजच."

माबेले अंगणात घेवडा निवडत बसली होती. तिनं त्याच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. तो बसला नाही. उभ्यानंच त्यानं सगळं सांगितलं. खिडकीचंही सांगितलं. ते सांगावं की नाही, हे त्याला वाटेत ठरवता आलं नव्हतं. निदान तेवढं तरी तिच्याजवळ राहू द्यावं असं वाटत होतं. पण एकदा तोंड उघडल्यावर गाळायचं काय आणि ठेवायचं काय, याचा अधिकार आता आपल्याला नाही, एवढं त्याला कळलं.

माबेलेचे हात सुपात थांबले.

"म्हणजे त्या साहेबानं ऐकलंच नाही?"

"नाही."

"मी त्याला एकवीस वर्षं शिव्याशाप दिले."

आल्फियसनं टोपी काढून छातीशी धरली.

"आणि तो मिशीवाला... वारा यावा म्हणून उठला?"

"हो."

तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "माझ्या हातचा चहा प्यायलास तू, आल्फियस." तिनं त्याला कधी नुसत्या नावानं हाक मारली नव्हती. "त्या बाईचा कागद मला नको. भिंतीपाशी तूच बोल, सगळ्यांसमोर. आधी इंग्रजीत, साहेबाला सांगायला हवं होतं तसं. मग काय केलंस ते आपल्या भाषेत."

उद्‌घाटनाच्या दिवशी वारा सुटला होता. आल्फियस सात नावांसमोर उभा राहिला आणि इंग्रजीत बोलला. बूट, खडी, दहा पावलं, मिशा. मग त्यानं खोसात स्वतःचं सांगितलं. आधी लोकांना कळेना. कळलं तेव्हा मागून एक बाई ओरडली, "खाली बसवा त्याला!" कुणी बसवलं नाही, कुणी पाणीही दिलं नाही. शिक्षकाचा भाऊ त्याच्यासमोरून चालत गेला आणि जमिनीवर थुंकला. माबेले पुढच्या खुर्चीवर ताठ बसून होती. तिला इंग्रजी कळत नव्हतं, पण तो बोलत होता तेवढा वेळ तिनं त्याच्या तोंडावरची नजर काढली नाही.

पुढल्या रविवारी चर्चमध्ये तो आपणहून शेवटच्या बाकावर बसला. त्याला पुढे ये असं कुणी म्हटलं नाही. घरी कागद येणं बंद झालं. लोक झुकिस्वाकडे जाऊ लागले. त्यानं शपथेवर जबानी लिहिली आणि मोठ्या सरकारी वकिलांच्या कचेरीला पाठवली. उत्तर यायला अकरा महिने लागले.

ते घेऊन तो माबेलेच्या फाटकापाशी गेला. तिनं फाटक उघडलं नाही, पण ऐकायला उभी राहिली. त्यानं कागद लांब धरला आणि सावकाश खोसात सांगितलं. जबानी मिळाली. लेफ्टनंट नऊ वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या त्याच्या घरी वारला. प्रकरण बंद करण्यात येत आहे. खाली सही.

"एवढंच लिहिलंय?"

"एवढंच."

"काही गाळलं नाहीस?"

"नाही, माबेले."

तिनं फाटकावरून हात पुढे केला. त्यानं पत्र दिलं. ते झग्याच्या खिशात घालून ती मागच्या वाटेनं, हळूहळू, झुकिस्वाच्या घराकडे निघाली, पुन्हा वाचून घ्यायला.