पहिल्या मात्रेचा ठोका

शहरातल्या पेणकरपाडा वस्तीत शेजारी राहणाऱ्या, भजनात पखवाज वाजवणाऱ्या काकांमुळे मी इथे टिकलो. आठवीत शाळा सोडून गावाहून आलेलो. रविवारी लग्ना-मिरवणुकीत वाजवणाऱ्या बँजो पार्टीच्या मास्तरांसमोर ढोलकी वाजवून दाखवायची होती, जमलं नाही तर गावी परत. मोबाइलवर मात्रेमात्रेला टिकटिकणारा मेट्रोनोम लावून बसायचो, पण घाबरलेला हात टिकटिकीच्याही पुढे पळायचा.

ते ऐकून काका आले. "पोलीस मागे लागलेत काय रे? वेग कमी कर. मोबाइलची टिकटिक फक्त पहिल्या मात्रेवर ठेव, मधल्या तू सांभाळ."

रविवारी मास्तर म्हणाले, "मोबाइल बंद कर." मी तो बंद करून खिशात ठेवला. तरी मधल्या मात्रा मोजत मी पहिलीवर बरोबर उतरलो.

"उद्यापासून ये," मास्तर म्हणाले.

त्याला बरीच वर्षं झाली; काकांचे हात आता वयाने थरथरतात. त्यांची नात मोठी झाली की तिला ढोलकी मीच शिकवणार.