अमेरिकेचा पॅक, मस्कतची लेक

लाखनीच्या वासू मोबाइलवाल्याने मला फसवलं. कसं ते सांगतो, निवाडा तुम्हीच करा.

लाखनीत रायपूरकडे जाणाऱ्या हायवेवर माझं टायरचं दुकान आहे. पंक्चर काढत वर आलो. आज ट्रकवाले माझ्याशी भाव करायला घाबरतात. (बायको म्हणते, ते माझ्या आवाजाला घाबरतात. असो!) आमची लेक प्रणाली लग्नानंतर मस्कतला गेली. तिचे बाळंतपणाचे दिवस भरले होते. जावई दर शुक्रवारी न चुकता फोन करायचे, आणि नेमका त्या शुक्रवारी फोन आला नाही!

"अजी, आज आपणच लावा," बायको म्हणाली. "पोरीचं काय झालं ते कळल्याबिगर मी जेवत नाही."

म्हणजे मलाही मिळणार नव्हतं! मी तडक वासूकडे गेलो. त्याने मस्कतला बोलायचा रिचार्जचा पॅक दाखवला. माझी नजर बरोबर त्याच्या खालच्या स्वस्त पॅकवर गेली.

"हा कोणता?"

"तो अमेरिकेचा, काका."

"अमेरिका दूर का मस्कत?"

"अमेरिका."

"मग दूरचं स्वस्त अन् जवळचं महाग? रायपूरचं भाडं देवरीपेक्षा कमी असते काय रे? मले शिकवून राहिला!"

"काका, फोनचा हिशेब किलोमीटरवर नसते..."

"अमेरिकेचाच दे! ट्रक रायपूरपर्यंत ठरवला अन् माल अलीकडे देवरीलेच उतरवला, तर ड्रायव्हर नाही म्हणते काय? उलटा खुश होते! मस्कत रस्त्यातच आहे."

वासू "काका, ऐका ना" म्हणत राहिला. मी ऐकतो काय! वरून मोबाइलचं कव्हर फुकट उकळलं आणि विजयी मुद्रेने घरी आलो.

घरी वहिनी आणि शेजारच्या काकू येऊन बसल्या होत्या. मी स्पीकर लावला. "जयभीम बाबा!" प्रणालीचा आवाज आला आणि बायकोच्या जिवात जीव आला. मग सगळ्यांचा जयभीम झाला. "बोला, पोटभर बोला, पॅक मारला आहे!" मी जाहीर केलं. वहिनीने जेवणाचं विचारलं, काकूंनी तिकडच्या उन्हाचं. मग वासूला कसा गुंडाळला, ते मी देवरी-रायपूरसकट सांगायला घेतलं.

"अजी, पोरीले बोलू द्या!" बायको ओरडली.

"आई, ऐक ना," प्रणाली म्हणाली, "काल रात्री मले..."

टूं... टूं... टूं!

"काल रात्री काय?" बायको फोनलाच विचारू लागली. वहिनीने पदर डोळ्यांना लावला. काकू म्हणाल्या, "आवाज तर चांगला होता." वहिनी म्हणाली, "आवाजावर काय जाता!" बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. मी पुन्हा फोन लावला, तर एक बाई गोड आवाजात म्हणाली, बॅलन्स संपला!

"माझा माल रस्त्यात लुटला!" अशी बोंब ठोकत मी वासूच्या दुकानात शिरलो.

"काका, मस्कतच्या फोनचे पैसे मस्कतच्याच भावाने बॅलन्समधून कापले. अमेरिकेचा पॅक तुमचा जशाचा तसा आहे!"

मी काउंटरवर मूठ आपटणार, तेवढ्यात मागून बायको आली. "वासूभाऊ, मस्कतचा मारा," म्हणाली आणि पर्समधून पैसे काढून दिले. भाव न विचारता! माझ्या छातीत कळ आली.

फोन लागला. "बाबांचं रायपूर आलं असन तर सांगते," प्रणाली म्हणाली. "काल रात्री मुलगी झाली! यांनी दवाखान्याच्या धावपळीत फोन नाही केला." आणि मागून बाळाने असा टाहो फोडला, की दुकानातली गिऱ्हाइकं दचकली. बायको एकाच वेळी रडत आणि हसत होती.

"आवाज आज्यावर गेला," ती म्हणाली.

अमेरिकेचा पॅक मात्र माझ्या फोनमध्ये तसाच पडून आहे, आणि अमेरिकेत आमच्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. रस्त्याने जाताना लोक विचारतात, "काका, देवरीले उतरता काय?"

तर मुद्दा असा. मी वासूचं ऐकलं नाही, हे मान्य. पण मी एवढा मूर्खासारखा बोलत असताना वासूने माझं काहून ऐकलं? याचं उत्तर त्याने चारचौघांत दिलंच पाहिजे!