कम्फर्टला स्लोव्हेनियनमध्ये काय म्हणतात

वेस्ट विंडसरमध्ये आमच्या शेजारी एक स्लोव्हेनियन बाई राहतात. औषधांबरोबर येणारी माहितीपत्रकं इंग्रजीतून आपल्या भाषेत करायची, हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. मी रिटायर्ड इंजिनियर, त्यामुळे कोणाच्याही कामात नाक खुपसायला मला भरपूर वेळ असतो. एकदा मी सहज विचारलं, 'केअर'ला तुमच्याकडे काय म्हणतात? त्यांनी उत्तर दिलंच नाही. उलट मलाच विचारलं, कोण कोणाला म्हणतंय, आणि त्याआधी काय घडलंय? मला रागच आला. साधा एक शब्द विचारला, तर बाईंनी उलटतपासणी सुरू केली.

पुढे त्यांना काम करताना पाहिलं आणि राग कुठल्या कुठे गेला. अडलेला इंग्रजी शब्द त्या वहीत लिहीत आणि त्याखाली आपल्या भाषेतले शब्द मांडत. केअरखाली 'नेगा', म्हणजे रोग्याची शुश्रूषा, आणि 'स्कर्ब', म्हणजे मनाला लागलेली काळजी. मग ते पत्रक कोण वाचणार आहे याचा विचार करून, त्या माणसाच्या उपयोगाचा नसलेला शब्द खोडायचा. एका शब्दापायी त्यांचा चहा गार झालेला मी कितीदा तरी पाहिलाय. आम्ही मराठी मंडळी या बाबतीत सुखी. शब्द अडला की इंग्रजी उचलायचा, पुढे 'करणं' जोडायचं, काम फत्ते. माझ्या डोक्यात कधी आलंच नाही की एवढ्याशा गोष्टीसाठी कोणी इतकं झिजेल. खरं सांगायचं तर मला त्यांचा हेवा वाटायचा.

गेल्या वर्षी त्यांची आई फार आजारी पडली. ऐंशी ओलांडलेली, लेकीकडेच राहणारी, इंग्रजीचा गंध नाही. हॉस्पिटलची ने-आण मी करायचो, कारण बाईंना मागच्या सीटवर आईजवळ बसायचं असे. शेवटच्या खेपेला डॉक्टर पुष्कळ बोलले. फोनवर दुभाषी होता, पण आजींना ऐकू कमी यायचं, त्यांच्यापर्यंत काही पोचलं नाही. हातात एक कागद मिळाला आणि त्यावर लिहिलं होतं, आता फक्त कम्फर्ट केअर. म्हणजे बरं करण्याचे उपाय थांबवायचे आणि दुखणं सुसह्य ठेवायचं.

घरी आल्यावर आजी खिडकीशी बसल्या, आम्ही दोघं स्वयंपाकघरात. बाईंनी वही उघडली. कम्फर्टखाली लिहिलं 'उदोब्ये', अंगाला मिळणारा आराम. त्याखाली 'तोलाज्बा', दुःखात कोणी दिलेला धीर. बराच वेळ त्या दोन्ही शब्दांकडे बघत राहिल्या. मला राहवेना. मी म्हटलं, डॉक्टरांचा इंग्रजी शब्दच सांगा ना, त्या पुढे विचारणार नाहीत. माझ्या आईच्या वेळी मीही असंच केलं होतं.

"तो शब्द माझ्या सोयीचा आहे," त्या म्हणाल्या. "तिच्या नाही."

आणि त्यांनी वहीतले दोन्ही शब्द खोडले. खोटा त्यातला एकही नव्हता, पण दोन्हींच्या आड लपता येत होतं.

बाई आईसमोर जाऊन जमिनीवर बसल्या, तिचे हात हातात घेतले आणि चार-पाच छोटी वाक्यं बोलल्या. मला स्लोव्हेनियन येत नाही, पण त्यात एकही इंग्रजी शब्द नव्हता एवढं कळलं. असं धाडस मी जन्मात पाहिलं नव्हतं. आजी हळूच काहीतरी म्हणाल्या आणि लेकीच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

मला पोचवायला बाई दारापर्यंत आल्या, तेव्हा मी विचारलं, आजी काय म्हणाल्या?

"म्हणाली, महिनाभर वाट बघत होते, तू कधी सांगशील."

मी घरी आलो आणि कोट न काढताच खुर्चीत बसलो. माझी आई नागपुरात होती. दर रविवारी फोनवर मी सांगायचो, ट्रीटमेंट चालू आहे, डॉक्टर मॉनिटर करतायत. ती म्हणायची, "बरं बाळा." मग लगेच फोन ठेवायची नाही. पलीकडून तिचा श्वास तेवढा ऐकू यायचा. मला वाटायचं, तिला काही कळलेलं नाही. आणि मीच आधी फोन ठेवायचो.