मला नाही कळलं

रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या डॉक्टरांकडे मी पहिल्यांदा गेले ती मानेवरची गाठ दाखवायला. त्यांनी हात चोळून गरम केले, गाठ चाचपली, चष्मा कपाळावर ढकलला आणि माझ्यासमोरच एक जाडजूड पुस्तक उघडलं. बराच वेळ वाचून म्हणाले, "मला नाही कळलं. पेणला सर्जन आहेत, त्यांना आजच दाखवा."

मला रागच आला. कळत नाही तर पाटी लावायची कशाला? तणतणत बाहेर आले. बाकावर वालाच्या शेंगांची टोपली घेऊन एक म्हातारी बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"रागावू नको गो," ती म्हणाली. "याला कळत नाय ते हा लगेच सांगतो. दुसऱ्यांना कळत नाय ते आपल्याला मागनं कळतं."

पेणला गाठ काढली. साधीच निघाली.

गेल्या महिन्यात घसा सुजून ताप आला, तेव्हा रोह्यातले घराजवळचे दोन दवाखाने सोडून मी पूल ओलांडून पुन्हा अष्टमीला गेले. डॉक्टरांनी तसेच हात चोळले, घशात बॅटरी मारली आणि पाठ केलेलाच प्रश्न पेपरात आलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा उजळला.

"हे येतं मला," ते म्हणाले.

माझा निम्मा ताप तिथेच उतरला. येत नसतं तर हा माणूस तसं म्हणाला नसता. बाहेरच्या बाकावरही ते ऐकू गेलं असावं, कारण तिथून कुणीतरी समाधानाने म्हणालं, "चला, आज पुस्तक नाय."