मास्तरांनी मारायला शिकवलं

दामूमास्तरांशी माझी ओळख झाली ती त्यांच्या काठीचा फटका खाऊन. कल्याणच्या बाजारात हा आंधळा माणूस रस्ता ओलांडायला उभा होता. मी मोठ्या दयेनं त्यांचा दंड धरला. नडगीवर असा तडाखा बसला की मी मटकन खालीच बसलो. "आधी तोंड उघडायचं, मग हात लावायचा," ते म्हणाले. "मी काय कुणाचं पडलेलं गाठोडं आहे?"

गिरणीत तेजाब उडून त्यांचे डोळे गेले होते. पुढं ते खुर्च्या विणायला शिकले आणि एका पडवीत आंधळ्या पोरापोरींना शिकवू लागले. वेत विणणं, चूल पेटवणं, एकट्यानं बाजार करणं. आणि मारणं. न बोलता अंगाला हात लावणाऱ्याला कोपर कुठं हाणायचं, याचे धडे, मी तिथं जाऊ लागल्यावर, माझ्या बरगड्यांवर चालत. मी चळवळीतला कार्यकर्ता, म्हणून मला ते पुढारी म्हणत. "पुढारी, नीट उभा राहा. पत्रकं वाटून अंग मऊ पडलंय तुझं."

शेवंता त्यांची सगळ्यांत तयार विद्यार्थिनी. मामा तिला लहानपणापासून देवळाच्या पायरीवर भिकेला बसवी आणि त्यावर दारू पिई. येणारेजाणारे दया करत. आपल्याकडे दया हवी तेवढी मिळते, काम मागा म्हणजे कळतं. पायरीवरून पळून आलेल्या या मुलीला मास्तरांनी दोन वर्षं घडवलं आणि ठाण्याच्या एका कारखान्यात औषधाच्या बाटल्या भरायचं काम मिळवून दिलं. सोमवारी हजर व्हायचं होतं.

शनिवारी भरदुपारी मामा दोन गुंड घेऊन पडवीत शिरला. शेवंताची वेणी मनगटाला गुंडाळून तिला फरफटवू लागला. मास्तर आवाजाच्या रोखानं धावले. एकानं त्यांच्या डोक्यात पहार घातली. मी शेवंताकडे झेपावलो, तर रक्तात पडलेले मास्तर ओरडले, "तू थांब. सोमवारी तू नसणार तिथं. शेवंते, त्याचा हात कुठंय?"

"वेणीवर," ती म्हणाली, आणि वेत छाटायची सुरी तिनं त्या मनगटात घुसवली. मामा गुरासारखा हंबरत पळाला, मागोमाग ते दोघे.

हवालदारानं विचारलं, "आंधळी ना गं तू? मामाच होता कशावरून?"

"जन्मभर त्याच हाताचा मार खाल्लाय, साहेब. तुम्हाला तुमची बायको अंधारात ओळखू येत नाही?"

रविवारी मास्तर जरा शुद्धीवर आले. शेवंता म्हणाली, "मी नाही जात उद्या." त्यांनी चाचपत तिचा कान शोधला आणि पिळला. संध्याकाळी ते गेले.

पंचनामा होऊन प्रेत सोमवारी ताब्यात मिळालं. चितेजवळ एक गृहस्थ म्हणाले, "एवढं केलं त्या पोरीसाठी, आणि मातीला यायला फुरसत नाही तिला." मी त्यांची गचांडी धरली. लोकांनी मला ओढून बाजूला केलं तरी मी एकच ओरडत होतो, ती कामावर गेलीय, ती कामावर गेलीय.