काम चालू, हात लावू नये

जगात आपणहून बिघडलेली यंत्रं कमी आणि आमच्या साडूंनी दुरुस्त करून बिघडवलेली जास्त, असं माझं ठाम मत आहे. बडोद्यातल्या अकोटा भागातलं त्यांचं घर मी लांबूनच पाहणं पसंत करतो, कारण आत गेलेल्या माणसाच्या हातात ते टॉर्च देतात. बाजव्याकडच्या एका कारखान्यात त्यांचा उभा जन्म गेला. तिथे दुरुस्तीला काढलेल्या यंत्रावर लाल लेबल टांगत, ‘काम चालू, हात लावू नये’. निवृत्त झाल्यावर साडूंनी तशीच लेबलं घरी करून घेतली. मिक्सरवर लेबल चढलं की आमच्या मेहुणीबाई मुकाट्याने खलबत्ता काढतात.

गेल्या हिवाळ्यात लेबल कॉम्प्युटरवर आलं. गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम सुरूच होईना. मुलगी कॅनडाला गेल्यापासून दर रविवारी सकाळी बापलेक तो खेळत. साडू शर्यतीतही भाजी आणायला निघाल्यासारखी गाडी चालवत आणि नेमाने शेवटचे येत. एरवी फोनवर या गृहस्थांना बोलता येत नाही. “जेवलीस का” आणि “थंडी आहे का” एवढं विचारलं की ते संपतात. म्हणजे गेम बंद पडला तर रविवारही गेला.

“टेन्शन घेऊ नको, थई जशे, होऊन जाईल,” असं मला बजावून त्यांनी कॉम्प्युटर उघडला, रंगाच्या ब्रशने झाडला, अर्थिंग तपासलं, गेम काढून परत टाकला. क्लिक केलं की गोल चक्र फिरायचं आणि नाहीसं व्हायचं. शेवटी नाक मुठीत धरून त्यांनी मुलीला फोन लावला. मग रोज सकाळी ती तिकडून एक करायला सांगे, हे इकडे भलतंच करत आणि दोघं तासभर भांडत. त्या भांडणातच तिची घरमालकीण, तिचा साहेब, तिची बिघडलेली भाकरी, सगळं आम्हाला कळलं.

एका सकाळी तिने विचारलं, “बाबा, अँटीव्हायरस कुठला आहे?”

“तीन आहेत,” साडू अभिमानाने म्हणाले. “आमच्याकडे प्रत्येक पंपाला स्टँडबाय असायचा. एक बंद पडला तर दुसरा जोईए ने?”

“बाबा, ते तिघं मिळून गेमला अडवतायत. दोन काढा.”

कुरकुरत काढले. गेम फटकन सुरू झाला. “चला, सुटलो,” मुलगी म्हणाली. “ठेवते, स्वयंपाक व्हायचाय. आता रविवारी खेळू.” साडू स्क्रीनवरच्या गाडीकडे बघत बसले. मी त्यांची थट्टा करायला आलो होतो, पण मला त्यांच्याकडे बघवेना.

परवा सहज गेलो, तर कॉम्प्युटरवर पुन्हा लाल लेबल. “आता काय झालं?” मी विचारलं.

“गेम चालू होत नाही,” साडू माझ्याकडे न बघता म्हणाले. स्क्रीनच्या कोपऱ्यात तिन्ही अँटीव्हायरस परत येऊन बसले होते. मेहुणीबाईंनी चहा ठेवला आणि मला डोळ्यांनीच गप्प केलं. कॅनडाला रिंग जात होती. मी न मागता टॉर्च हातात घेतला आणि साडूंच्या शेजारी बसलो.