भजनातली गिटार

गुरुवारच्या भजनात काका एका हाताने नमस्कार करायचे. डावा हात छातीशी, उजवा मांडीवरच्या गिटारच्या तारांवर. नवख्या माणसाला वाटे, काय हा गुर्मीचा भक्त! पण तारांवरचा हात उचलला की गिटारला जोडलेल्या स्पीकरमधून घुंऽऽ निघे आणि टेकवला की थांबे. देवापुढे उद्धट दिसलो तरी चालेल, पण मंडळींच्या ध्यानात भुंगा नको, असा त्यांचा विचार.

भजनात इलेक्ट्रिक गिटार? हो. आमच्या खामगावात तरी मी दुसरी पाहिली नाही. काका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. तरुणपणी एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राच्या सामानातून त्यांनी ती लाल, स्वस्तातली गिटार उचलली. रिटायर झाल्यावर ती भजनात आली. मंडळाचा माइक-स्पीकर मी लावतो आणि दुरुस्तीचं दुकानही माझंच, म्हणून सगळं जवळून पाहिलं. काका जाऊन आता दोन पावसाळे झाले.

वाजवायचे कसे, ते मला विचारू नका. आवाजाचं बटण वाढवलं की भुंगा वाढे, नुसतं हलवलं तरी खरखर. म्हणून ते कायम दोनवर. टाळ-मृदंगात त्यांचा एक सूर कानावर येईल तर शपथ.

एकदा शेवटच्या प्रार्थनेत काकांना शिंक आली. दोन्ही हात तोंडाकडे गेले. त्या शांततेत भुंगा केवढा वाटला!

पेटीवाले बुवा शांतपणे म्हणाले, "काका, पुढच्या गुरवारी हा भुंगा आला त गिटार घरी ठेवजा. तुम्ही या, टाळ घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळीच काका दुकानात. "इले गप कर बाप्पा."

"नवीच घ्या ना काका. आता चांगल्या येतात."

"नवी काय करू? इच्यावर माहा हात बसेल हाये." मग जरा वेळाने, "टाळ काऊन घेऊ मी? टाळ त कोणीबी वाजवते."

झाकण उघडलं. आत गंज, आणि कुणीतरी चिकटपट्टीने जोडलेल्या वायरी. तारांची थरथर पकडणारा पिकअप बदलायचा ठरवला. भुंगा न ओढणारा नवा दुहेरी पिकअप जागेत मावेना, म्हणून लाकूड थोडं कोरावं लागलं. कोरताना काका माझ्याकडे पाठ करून बसले.

"झालं का?"

"नाही."

"झालं की सांगजो."

बटण नवं, पिनेचं सॉकेट नवं. आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी चिकटवली, अर्थिंग दिलं, स्पीकरला जोडली. चिडीचूप. काकांचा चेहरा उतरला.

"मेली का बे?"

"तार छेडा."

छेडली. दुकानाच्या काचा थरथरल्या. काकांनी घाईघाईने बटण दोनवर आणलं.

गुरुवारी सगळे बसले. बुवा म्हणाले, "काका, चालू करा ना गिटार."

"चालूच हाये."

"मंग आवाज काऊन नाही?"

भुंगा नाही म्हणजे गिटार बंद, एवढी मंडळाला सवय झालेली! बुवांनी मला आवाज वाढवायची खूण केली. मी उठून बटण सातवर नेलं. काका "राहू दे बे, राहू दे" म्हणत होते. मी ऐकलं नाही. माझ्या हातून झालेल्या थोड्या बऱ्या कामांत मी ते धरतो.

अभंग सुरू झाला. कडवं संपून पुढचं सुरू होईपर्यंतच्या जागेत काका वाजवू लागले. साधंच होतं, बुवांच्या गळ्यामागून चालणारं. पण एकही सूर उगाच नाही. मृदंगवाला मान वळवून पाहू लागला. बुवांची बोटं पेटीवरच थांबली. हा माणूस इतकी वर्षं आमच्यात बसून असं वाजवत होता आणि आम्ही त्याला शिंकेवरून बोल लावत होतो. मला लाज वाटली.

काका मध्येच थांबले.

"काऊन थांबले? चांगलं चालू होतं ना," बुवा म्हणाले.

काका खाली बघत म्हणाले, "काही नाही बुवा. लय वर्षांनी मीच मले ऐकू आलो."

बुवांनी पेटीपुढचा माइक उचलला आणि काकांच्या स्पीकरपुढे नेऊन ठेवला.